गाण्याविना गाण्याची ओळख

वाळवंटातल्या एका काल्पनिक गावाचे रेडिओ केंद्र आहे. निवेदक अत्यंत गंभीर, खर्जातल्या आवाजात गावातल्या अघटित घटनांच्या बातम्या देत असतो, गोष्ट ऐन रंगात आलेली असते, आणि तेवढ्यात तो हवामानाकडे वळतो. पुढची तीन-चार मिनिटे हवामानाविषयी एक अक्षरही कानावर पडत नाही. एक अख्खे गाणे वाजते. बहुतेक वेळा ते कोणत्याही बड्या कंपनीशी बांधलेल्या नसलेल्या, आपण नावही न ऐकलेल्या एखाद्या गायकाचे किंवा बँडचे असते. गाणे संपले की गोष्ट पुढे सुरू होते. ‘वेलकम टू नाइट व्हेल’ हा पॉडकास्ट २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याची ही रीत आहे. २०१३ च्या जुलैत तो अ‍ॅपलच्या पॉडकास्ट-यादीत अग्रस्थानी पोहोचला, तेव्हा केवळ गोष्टीच्या ओढीने आलेल्या असंख्य श्रोत्यांच्या पदरात महिन्यातून दोनदा एक अनोळखी गाणे पडू लागले. ते ओलांडून पुढे जाणे कुणालाही अशक्य नव्हते. पण गोष्टीचा उलगडा गाण्याच्या पलीकडे असल्यामुळे श्रोता थांबे, आणि थांबला की ऐकत असे.

उदाहरण मुद्दाम संगीताबाहेरच्या कार्यक्रमाचे घेतले आहे. स्वतंत्र रॉक संगीत, ज्याला सगळे ‘इंडी रॉक’ म्हणतात, ते नव्या श्रोत्यापर्यंत कसे पोहोचावे या प्रश्नाचे जे सर्वांत साधे उत्तर असू शकते ते या ‘हवामाना’त आहे: विश्वासातला एक आवाज, ऐकणाऱ्याने आधीच दिलेला वेळ, आणि मध्येच न तोडलेले पूर्ण गाणे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी पॉडकास्टजवळ मुबलक आहेत. तिसरी मात्र बहुसंख्य पॉडकास्टना कायद्याने आणि परवान्यांच्या गुंत्याने जवळजवळ नाकारली आहे. गाणे नवे आणि बँड अनोळखी असेल तर या नकाराची झळ सर्वांत जास्त लागते, आणि ही व्यवस्था बदलणे शक्य असूनही बदललेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

‘इंडी’ या शब्दाचा अर्थ आता इतका सैल झाला आहे की जरा मुळाशी जायला हवे. हा शब्द आरंभी शैलीचा नव्हता, व्यवहाराचा होता. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन, एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली चार गाण्यांची तबकडी स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या नावाने, काढली, आणि मोठ्या कंपनीच्या दाराशी ताटकळत न बसताही ध्वनिमुद्रिका काढता येते हे इतरांना दिसले. पाठोपाठ १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रफ ट्रेड’ आणि ‘फॅक्टरी’, अमेरिकेत ‘एसएसटी’, आणि १९८० मध्ये वॉशिंग्टनला ‘डिसकॉर्ड’ अशी लेबले उभी राहिली. १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची वेगळी खपयादी निघू लागली, तिच्यात प्रवेशाची अट वितरणाची होती: ते मोठ्या कंपन्यांच्या हातात असता कामा नये. गाणे कसे वाजते याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. म्हणजे निर्मितीचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला होता. श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न मात्र तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे, फक्त त्याचे रूप बदलत आले आहे.

त्या काळी हा प्रश्न माणसांनी सोडवला. बीबीसीच्या ‘रेडिओ वन’वर १९६७ पासून २००४ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत कार्यक्रम करणारे जॉन पील हे त्यांतले सर्वांत थोर नाव. १९७८ मध्ये बेलफास्टच्या एका छोट्या लेबलने काढलेले ‘द अंडरटोन्स’ या बँडचे गाणे त्यांनी लागोपाठ दोनदा वाजवले. अनोळखी गाणे सलग दुसऱ्यांदा लावणारा निवेदक श्रोत्याला एकच गोष्ट सांगत असतो: तुमच्या आवडीनिवडीचे मला ठाऊक नाही, पण मला हे इतके आवडले आहे की राहवत नाही. अमेरिकेत हेच काम महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांनी केले. जॉर्जियातल्या अथेन्स गावाच्या ‘आरईएम’सारखे बँड १९८०च्या दशकात त्यांच्याच आधाराने मोठे झाले. ही केंद्रे विद्यार्थी चालवत, म्हणून बेभरवशाची आणि म्हणूनच धाडसी असत. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती केंद्रे बाळगावीत यावरची बंधने सैल केली, आणि काही वर्षांत एकट्या ‘क्लिअर चॅनल’ या कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे जमा झाली. एवढ्या केंद्रांवर काय वाजावे हे जेव्हा थोड्या लोकांच्या हातात जाते, तेव्हा अनोळखी गाणे दोनदा लावणाऱ्या माणसाला जागा उरत नाही.

ज्या वर्षी पील गेले त्याच वर्षी ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द प्रथम छापून आला, ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रात. तंत्र त्याआधीचे होते: आरएसएस फीडला, म्हणजे संकेतस्थळावरची नवी भर वर्गणीदारांपर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या यादीला, ध्वनिफीत जोडण्याची सोय डेव्ह वाइनर यांनी २००० च्या अखेरीस केली होती. २००५ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि हौशी लोकांचा हा उद्योग घराघरांत गेला. यातली महत्त्वाची बाब अशी की आरएसएस कुणाच्या मालकीचे नाही. कार्यक्रम सुरू करण्यासाठी केंद्र, लहरींचा परवाना किंवा संचालकांची संमती लागत नाही. श्रोत्याने एकदा वर्गणीदार व्हायचे ठरवले की पुढचा भाग त्याच्यापर्यंत आपोआप येतो, आणि तो त्याला दाखवायचा की नाही हे मध्ये बसून कुणी ठरवत नाही.

मग पॉडकास्ट नेमके काय देतो? मराठीत ‘कान तयार होणे’ असा एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. त्यात असे गृहीत आहे की ऐकणे ही कमावण्याची गोष्ट आहे आणि ती कुणाच्या तरी सहवासात कमावली जाते. स्वतंत्र रॉकला तयार कानाची गरज इतर लोकप्रिय संगीतापेक्षा अधिक लागते, कारण त्याचे दोष आणि गुण पुष्कळदा एकाच ठिकाणी असतात. ‘द माउंटन गोट्स’ या बँडचा २००२ मधला गाण्यांचा एक संग्रह बँडचे गायक जॉन डार्निएल यांनी पॅनासोनिकच्या कॅसेट-रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला आहे. यंत्राची घरघर आणि चाकांचा आवाज प्रत्येक गाण्याखाली सतत ऐकू येतो. त्यातले गाणे एखाद्या प्लेलिस्टमध्ये चकचकीत ध्वनिमुद्रणांच्या मध्ये अचानक आले तर दहापैकी नऊ जण फीत खराब आहे असे समजून पुढे जातील; मीही एकदा गेलो होतो. २०१७ मध्ये ‘नाइट व्हेल’चे एक जनक जोसेफ फिंक यांनी खुद्द डार्निएल यांना बरोबर घेऊन एक पॉडकास्ट केला, त्यात हा संग्रह एकेका भागात एकेक गाणे घेऊन उलगडला आहे. तो ऐकताना ती घरघर माझ्यासाठी दोष राहिली नाही. एका खोलीत, एका बैठकीत, सुचल्यासरशी गाणे पकडून ठेवण्याच्या घाईचा तो पुरावा वाटू लागला. शिवाय त्या कार्यक्रमात दर भागात दुसरा एखादा कलाकार तेच गाणे आपल्या पद्धतीने सादर करतो, म्हणजे एका बँडच्या निमित्ताने आणखी अनेक नावे हाती लागतात. माझ्या संग्रहातले काही बँड असेच, दुसऱ्याच कुणाच्या मागोमाग आलेले आहेत.

याच्या शेजारी स्ट्रीमिंग सेवांचा, आपोआप गाणी सुचवणारा अल्गोरिदम ठेवून पाहावा. स्पॉटिफायने २०१५ च्या जुलैत दर सोमवारी ३० गाण्यांची व्यक्तिगत यादी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मीही चकित झालो होतो, आणि आजही या यंत्रणेला सरसकट नावे ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तिने छोट्या बँडनाही श्रोते दिले आहेत. पण तिच्या कामाची रीत पाहिली म्हणजे मर्यादाही कळते. तुमच्यासारखी गाणी ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले, यावर तिचा मुख्य भर असतो. ज्या गाण्याला अजून कुणी ऐकलेलेच नाही त्याच्याविषयी तिला सांगण्यासारखे फारसे काही नसते. दिवसाला सुमारे १ लाख नवी गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढतात असे २०२२ पासून खुद्द मोठ्या कंपन्यांचे प्रमुख सांगत आले आहेत. त्यांतल्या बहुतेकांची अवस्था या न ऐकलेल्या गाण्यासारखी असते. ही यंत्रणा कान जिथे तयार आहे तिथेच त्याला खाऊ घालते. नव्या जागी तो तयार करणे तिच्या कुवतीबाहेरचे आहे, कारण ती कारण सांगत नाही. गाणे का ऐकावे, आधी कुठे कान द्यावा, दुसऱ्या कडव्यापर्यंत धीर का धरावा, हे सांगायला बोलणारा माणूस लागतो.

व्यवहाराच्या बाजूने तर चित्र अधिकच खडतर आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. २०२० मध्ये आणलेल्या ‘डिस्कव्हरी मोड’ या सोयीत अल्गोरिदमने गाणे अधिक सुचवावे म्हणून त्या मार्गाने होणाऱ्या कमाईवर ३० टक्के कमिशन सोडावे लागते. अमेरिकेत रेडिओवर पैसे चारून गाणी वाजवून घेण्याच्या प्रकारांची १९५९-६० मध्ये संसदीय चौकशी झाली आणि असा व्यवहार जाहीर केल्याखेरीज करण्यास कायद्याने मनाई झाली. कमिशनच्या बदल्यात शिफारस हा त्याचाच अवतार आहे की निराळी गोष्ट, यावर वाद होऊ शकतो. पण यादी ऐकणाऱ्याला कोणते गाणे केवळ आवडीच्या हिशेबाने आले आणि कोणते सवलतीच्या बदल्यात, हे कळत नाही एवढे तरी निश्चित.

आता मूळ अडचणीकडे येतो. गाण्यावर दोन हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. अमेरिकेत नेहमीचे रेडिओ केंद्र गाणे वाजवते तेव्हा ते गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना ठरावीक शुल्क देते, आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला किंवा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काहीही देत नाही. कायद्याने त्याला ते द्यावेच लागत नाही. इंटरनेटवरचे रेडिओ केंद्र, जिथे पुढचे गाणे श्रोता निवडत नाही, ते १९९८ च्या कायद्यानुसार एक वैधानिक, म्हणजे कायद्यानेच सर्वांसाठी ठरवून दिलेला परवाना घेते, ‘साउंडएक्स्चेंज’ या संस्थेकडे शुल्क भरते आणि काही नियम पाळते. उदाहरणार्थ, कोणत्याही ३ तासांत एका संग्रहातली ३ पेक्षा अधिक किंवा एका कलाकाराची ४ पेक्षा अधिक गाणी लावता येत नाहीत. दोन्ही ठिकाणी प्रत्येक गाण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र परवानगी मागावी लागत नाही. पॉडकास्ट मात्र श्रोत्याच्या यंत्रावर उतरतो, म्हणजे प्रत तयार होते, आणि श्रोता हवा तो भाग हवा तेव्हा ऐकतो. त्यामुळे वैधानिक परवान्याच्या छत्राखाली तो येत नाही. निवेदकाने दोन्ही हक्कांच्या मालकांना शोधावे, त्यांना पत्र लिहावे, त्यांच्या अटी मान्य कराव्यात आणि हे प्रत्येक गाण्यासाठी पुन्हा करावे, अशी अपेक्षा आहे. हजारो गावांत ऐकू जाणारी रेडिओ-साखळी कुणालाही न विचारता, गायकाला एक पैसाही न देता गाणे वाजवू शकते, आणि दोनशे श्रोत्यांसाठी रात्री बसून कार्यक्रम करणाऱ्या हौशी माणसाला दोन दारे ठोठवावी लागतात. ही विसंगती डोळ्यांत भरते, तरी संगीताच्या जगात ती जणू निसर्गनियम असल्यासारखी स्वीकारली गेली आहे.

तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा वापरायला हरकत नसते, असा एक समज या क्षेत्रात पक्का रुजला आहे. कायद्यात असा सरसकट नियम कुठेही नाही. टीका किंवा विवेचनासाठी अंश वापरण्याची मुभा असते, पण ती किती आणि कशी हे प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर ठरते, आणि ते ठरवून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची ऐपत छोट्या निवेदकाजवळ नसते. त्यातून जी सावध प्रथा पडली तिचे उत्तम उदाहरण म्हणजे अँड्र्यू हिकी यांचा २०१८ पासून चालू असलेला रॉक संगीताच्या इतिहासावरचा पॉडकास्ट. तपशिलांची एवढी काटेकोर मांडणी मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. त्यात गाण्यांचे छोटे तुकडे येतात, आणि पूर्ण गाणी ऐकायची असतील तर श्रोत्याला मिक्सक्लाउड या वेगळ्या सेवेवरच्या यादीकडे जावे लागते, कारण तिथे वाजवण्यापुरते परवाने आहेत. एक माणूस, एकच विषय, पण बोलणे एका ठिकाणी आणि गाणी दुसऱ्या ठिकाणी.

हिकींच्या कार्यक्रमाचे यामुळे फारसे बिघडत नाही. याचे कारण नीट पाहिले तर सगळा प्रश्नच उलगडतो. ते ज्या गाण्यांविषयी बोलतात ती बहुतेक श्रोत्यांच्या डोक्यात आधीच वाजत असतात. प्रसिद्ध गाण्याचे नुसते नाव घेतले तरी चाल आठवते. पाच सेकंदांचा तुकडा त्या आठवणीला पुरेसा असतो. अनोळखी बँडच्या बाबतीत श्रोत्याजवळ आठवणच नसते. निवेदकाने कितीही जीव तोडून सांगितले की या बँडची गिटार गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखी करकरते आणि तरी त्यात विलक्षण हळवेपणा आहे, तरी ते ऐकल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. म्हणजे गाणे वाजवण्यावरचे बंधन कागदावर सर्वांना सारखे असले तरी त्याचा भार सारखा पडत नाही. जुन्या आणि गाजलेल्या संगीतावरचे पॉडकास्ट गाण्याविना बहरतात, आणि नव्या, अनामिक संगीतावरचे पॉडकास्ट गाण्याविना मुके होतात. संगीतविषयक पॉडकास्टमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या संग्रहांची उजळणी इतकी का चालते, याचे खापर मी पूर्वी निवेदकांच्या स्मरणरंजनावर फोडत असे. आता मला वाटते की त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या दिशेने ढकलण्यात आले आहे.

ज्यांना परवानगी सहज मिळते त्यांची नावे पाहिली तर हेच दिसते. अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओचा ‘ऑल साँग्ज कन्सिडर्ड’ २००० पासून इंटरनेटवर नव्या गाण्यांची ओळख करून देत आला आहे आणि सिअ‍ॅटलचे केईएक्सपी हे केंद्र रोज एक गाणे पॉडकास्टमधून देत आले आहे. दोघांच्याही मागे संस्था आहे, कर्मचारी आहेत, लेबलांशी जुने संबंध आहेत. २०१४ मध्ये हृषिकेश हिरवे यांनी सुरू केलेल्या ‘साँग एक्स्प्लोडर’मध्ये कलाकार स्वतः येऊन आपल्या गाण्याचे वेगवेगळे सुटे पदर ऐकवतो, आणि भागाच्या शेवटी पूर्ण गाणे वाजते. हिरवे स्वतः स्वतंत्र संगीतकार आहेत, आणि एकदा कार्यक्रमाला प्रतिष्ठा मिळाल्यावर परवानगीचा प्रश्न आपोआप हलका होतो. हे सर्व कार्यक्रम चांगले आहेत. पण आपल्या विषयाला खरा प्राणवायू देणारे कार्यक्रम ते असतात ज्यांना अजून प्रतिष्ठा नाही, ज्यांचा निवेदक एका शहरातल्या सात-आठ बँडच्या मागे वेड्यासारखा लागलेला आहे आणि ज्याचे श्रोते एका सभागृहात मावतील.

बंधनातूनही चांगले निघते, असे यावर कुणी म्हणेल, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. जॉन पील यांच्या कार्यक्रमात बँडना बोलावून खास ध्वनिमुद्रित केलेली ‘पील सेशन्स’ आज दंतकथा झाली आहेत. त्या प्रथेमागे एक रुक्ष कारण होते. बाजारातल्या ध्वनिमुद्रिका दिवसातून किती वेळ वाजवता येतील यावर संगीतकारांची संघटना आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्याशी झालेल्या कराराने बीबीसीवर मर्यादा घातली होती. उरलेला वेळ भरण्यासाठी प्रत्यक्ष वादन आवश्यक झाले, आणि त्या सक्तीतून शेकडो बँडना त्यांच्या उमेदीच्या दिवसांत चांगला स्टुडिओ आणि थोडे पैसे मिळाले. मला हे उदाहरण फार आवडते, पण ते माझ्याच बाजूने साक्ष देते. तिथे बंधन होते तसा पर्यायही होता: बीबीसीजवळ स्टुडिओ होते, तंत्रज्ञ होते आणि मानधन द्यायला सार्वजनिक निधी होता. खोलीत पांघरुणे लावून ध्वनिमुद्रण करणाऱ्या निवेदकाला फक्त बंधन मिळाले आहे.

तोडगे निघालेच नाहीत असे नाही. २००५ च्या सुमारास पॉडकास्टसाठी मोकळ्या केलेल्या गाण्यांचे साठे उभे राहिले; अशा गाण्यांना ‘पॉडसेफ’ म्हणत. कल्पना उदार होती, पण त्यातून निवेदकाने आवडलेले गाणे निवडण्याऐवजी उपलब्ध गाण्यांतून आवडून घ्यायचे अशी उलटी वाट पडली. २०२० मध्ये स्पॉटिफायने बोलणे आणि पूर्ण गाणी एकत्र गुंफण्याची सोय दिली. कलाकाराला मानधन मिळे, निवेदकाला परवानगी मागावी लागत नसे. पण कार्यक्रम फक्त स्पॉटिफायवरच ऐकता येई, आणि पैसे न भरणाऱ्या श्रोत्याला गाण्याऐवजी ३० सेकंदांचा नमुना मिळे. चार वर्षांत कंपनीने ती सोय बंद केली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या कार्यक्रमांचा आधारच गेला. सार्वजनिक सोय एका कंपनीच्या मर्जीवर सोपवली की काय होते, याचा याहून स्वच्छ नमुना शोधावा लागणार नाही. त्या प्रयोगाने एक गोष्ट मात्र सिद्ध केली: बोलण्यात गुंफलेल्या गाण्याचा हिशेब ठेवणे आणि मालकापर्यंत पैसे पोहोचवणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही.

म्हणून मागणी अशी असावी, की इंटरनेट-रेडिओला मिळतो तसा एक सामूहिक परवाना पॉडकास्टसाठीही तयार व्हावा, ज्यात दोन्ही हक्क एकत्र असतील. शुल्क श्रोत्यांच्या संख्येवर चढते असावे आणि अगदी छोट्या, जाहिराती न घेणाऱ्या कार्यक्रमांसाठी ते नाममात्र असावे. एका भागात एका कलाकाराची दोनाहून अधिक गाणी नसावीत, प्रत्येक गाण्याची नोंद भागाच्या माहितीत असावी, आणि ज्या कलाकाराला आपले गाणे अशा रीतीने वाजू द्यायचे नसेल त्याला बाहेर राहण्याचा हक्क असावा. शेवटची अट मला महत्त्वाची वाटते, कारण स्वतंत्र राहण्याचा अर्थ नकार देण्याची मोकळीक हाही आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप कलाकारांच्या बाजूने येतो. आधीच मानधन तुटपुंजे असताना आणखी एक स्वस्त परवाना कशाला, असे ते विचारतील. त्यांना मी खोटी आशा दाखवणार नाही: अशा परवान्यातून मिळणारे पैसे बहुतेक बँडच्या बाबतीत क्षुल्लक असतील. पण हजार वेळांची अट न गाठणाऱ्या गाण्याला स्ट्रीमिंगवर तेवढेही मिळत नाही. खरा फरक पुढच्या पायरीवर पडतो. तासभर एखाद्याचे बोलणे ऐकून, मग पूर्ण गाणे ऐकून जो श्रोता बँडच्या शोधात निघतो, तो पार्श्वभूमीला यादी लावून काम करणाऱ्या श्रोत्यापेक्षा वेगळा असतो. तो संग्रह विकत घेण्याची शक्यता अधिक. बँड जिथे आपली गाणी श्रोत्यांना थेट विकतात त्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ती सेवा कापून घेते आणि, व्यवहाराचा खर्च वजा जाता, बाकीचे बँडला जाते. असा एकच ग्राहक स्ट्रीमिंगच्या हजारो खेपांच्या बरोबरीचा असू शकतो. राहिला गाणे चोरून उतरवून घेण्याचा जुना धसका. जे गाणे दोन टिचक्यांवर पूर्ण ऐकता येते ते बोलण्याच्या मधोमध कापून साठवण्याचा उद्योग आज कोण करील?

दुसरा आक्षेप निवेदकांवरच आहे, आणि तो मला अधिक बोचतो. हे नवे द्वारपाल जुन्यांहून चांगले कशावरून? संगीतावर बोलणाऱ्या पॉडकास्टमध्ये एकाच वयाचे, एकाच भाषेचे, एकाच प्रकारच्या गिटारवर फिदा असलेले पुरुष वाजवीपेक्षा जास्त आहेत हे खरे आहे. तासाभराच्या भागातली पहिली वीस मिनिटे आपापसातल्या थट्टेत घालवणारेही पुष्कळ आहेत; त्यांना कोणत्याही परवान्याचा उपयोग नाही. पैसे घेऊन मुलाखती घेण्याचा मोह इथेही आहे, आणि रेडिओने १९६० मध्ये जो धडा घेतला तो पॉडकास्टने आपण होऊन गिरवावा: कुणी पैसे दिले असतील तर ते गाण्याआधी सांगावे. पण द्वारपालांच्या दोषावर मला ठाऊक असलेला उपाय एकच आहे, तो म्हणजे दारांची संख्या वाढवणे. आरएसएसने ते शक्य केले आणि गाण्याच्या परवान्याने ते पुन्हा अरुंद केले. आज ज्याच्याजवळ वकील किंवा संस्था आहे तोच निर्धास्तपणे गाणे वाजवतो. म्हणजे विविधतेच्या नावाने जे कार्यक्रम आपल्याला हवे आहेत तेच आधी अडतात.

कायदे बदलायला वेळ लागतो, आणि हक्कांच्या मालकीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्यांना घाई नाही. पण स्वतंत्र रॉकच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल आहे, जी मोठ्या कंपन्यांच्या संगीतात सहसा नसते: इथे शब्द-चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा, दोन्ही हक्क पुष्कळदा त्याच तीन-चार माणसांच्या हातात असतात. ज्या परवानगीसाठी इतरत्र दोन कार्यालयांत खेटे घालावे लागतात ती इथे एका वाक्यात देता येते. कोणत्या पॉडकास्टने, किती गाणी, कोणत्या श्रेयोल्लेखासह वाजवली तर आपली हरकत नाही, हे बँडने आणि लेबलने संग्रहाच्या पानावरच लिहून ठेवावे, आणि आपले वितरण ज्याच्याकडे आहे त्याला तसे कळवावे. नाहीतर विनापरवाना वाजलेली गाणी हुडकणारी स्वयंचलित ओळख-यंत्रणा बँडचीच परवानगी असलेला भाग बँडच्याच नावाने काढून टाकते, आणि निवेदकाला बँडकडे, बँडला वितरकाकडे, वितरकाला यंत्रणेकडे दाद मागावी लागते, तोवर तो भाग ऐकणारे पुढच्या भागाकडे गेलेले असतात.